गाडी झटके मारते तेव्हा



आज आपण गाडीच्या इंजिनाबद्दल बोलू. हे पुरुषांचं काम म्हणून रेडिओ बंद करू नका. मुलचेऱ्याच्या बाजारात भाजी न्यायची, मासे न्यायचे, मोहफुलं विकायला न्यायची, गरोदर सुनेला दवाखान्यात न्यायचं, सगळ्याला गाडी लागते. आता काही ठिकाणी बचत गटातल्या बायांच्या स्वतःच्या गाड्याही आहेत. २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू झाली ती त्यासाठीच. गाडी आपली, हप्ता आपला, आणि बिघाड झाला की मिस्त्री सांगेल ते बिल मात्र मुकाट्याने भरायचं, असं किती दिवस चालायचं?

पहिली गोष्ट, आपली गाडी डिझेलची की पेट्रोलची, हे माहीत पाहिजे. आपल्याकडे फिरणारे बहुतेक मोठे पिकअप डिझेलचे असतात. २००५ साली जो छोटा हत्ती पहिल्यांदा आला, तोही डिझेलचाच होता. डिझेलच्या इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. तिथे ठिणगी लागत नाही, म्हणून इग्निशन कॉइलही नसते आणि स्पार्क प्लगही नसतो. डिझेलच्या पिकअपच्या बिलात कोणी ‘कॉइल बदलली’ असं लिहिलं, तर तिथेच थांबवून विचारा, कोणती कॉइल, दाखव.

पेट्रोलच्या किंवा गॅसच्या गाडीला मात्र कॉइल असते. बॅटरीतून येते बारा व्होल्ट वीज. तेवढ्याने ठिणगी पडत नाही. कॉइल त्याचे कित्येक हजार व्होल्ट करते आणि प्लगच्या टोकाला ठिणगी पडते. जुन्या गाड्यांत एकच कॉइल असते, आणि डिस्ट्रिब्युटर नावाच्या डब्यातून जाड वायरींनी वीज एकेका प्लगला वाटली जाते. त्यानंतरच्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसवलेली असते. तिच्या खाली रबराची नळी आणि आत एक स्प्रिंग. इंजिनाची उष्णता, खडबडीत रस्त्याचे हादरे आणि पावसाची ओल, यांनी हे रबर कडक होतं, त्याला चिरा जातात. मग वीज प्लगपर्यंत न जाता चिरेतून बाजूच्या लोखंडात पळते.

हे ओळखायचं कसं? पावसाळी सकाळी गाडी लवकर चालू होत नाही. उभ्या गाडीचं इंजिन थरथरतं. माल भरून चढ लागला की झटके मारते. सायलेन्सरमधून न जळलेल्या पेट्रोलचा वास येतो, अ‍ॅव्हरेज पडतं. मिस्त्री याला ‘मिसिंग’ म्हणतात. ‘चालतेय ना, चालू दे’ हे इथे महागात पडतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेत जाऊन पेटतं. नव्या गाड्यांत तिथे धूर साफ करणारा महाग भाग असतो, तो जळतो. आणि मुलचेऱ्याहून आलापल्लीला किंवा आष्टीकडे जाताना जंगलाच्या रस्त्यात, संध्याकाळी, मागे सहा बाया बसलेल्या असताना गाडी बंद पडली तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. टोचन करायला दुसरी गाडी कधी येईल याचा भरवसा नसतो.

आता दुरुस्ती. इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची मायनसची वायर काढा. कॉइलवरची क्लिप दाबून सोडवायची, वायर धरून ओढायची नाही. बोल्ट काढला की कॉइल थोडी फिरवत सरळ वर उचलायची. रबरावर पांढरट किंवा काळी रेघ दिसली, चीर दिसली, स्प्रिंग गंजलेली दिसली, तर दोष बहुधा तिथेच आहे. रबर आणि स्प्रिंग वेगळे विकत मिळत असतील तर तेवढेच बदला, अख्खी कॉइल घ्यायचं कारण नाही. प्लगच्या खड्ड्यात पाणी असेल तर आधी कापडाने टिपून घ्या. तेल असेल, तर वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलं आहे. ते न बदलता नवं रबर घातलं तर तेही खराब होणार.

नेमकी कोणती कॉइल खराब, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. इंजिन बंद करून पहिल्या प्लगवरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पहिल्यावर लावायची. मिसिंगही जागा बदलून दुसऱ्याकडे गेलं, तर कॉइल खराब. जागेवरच राहिलं, तर प्लग पाहा, नाहीतर दुसरीकडे शोधा. चारही कॉइल सरसकट बदलायला सांगणाऱ्याला ही अदलाबदल आधी करून दाखवायला सांगा. प्लग मात्र जुने असतील तर सोबतच बदलून घ्या. झिजलेल्या प्लगच्या टोकातली फट वाढते, ठिणगीला जास्त जोर लागतो, आणि त्या ताणाने नवी कॉइलही लवकर जाते. प्लग आधी हाताने फिरवून बसवायचा, पाना शेवटी. जोर लावून आटे गेले तर खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

जुन्या, डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत डब्याचं झाकण, आतला रोटर आणि जाड वायरी बघायच्या. रात्री बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून लांबून पाहिलं तर फाटक्या वायरीपाशी निळसर ठिणग्या दिसतात. हात लावू नका. इंजिन चालू असताना वायर उपटून ‘करंट बघणारे’ मिस्त्री मी पाहिलेत. त्याने झटका बसतो आणि कॉइलही जळू शकते. जवळ पेट्रोल गळत असेल तर आग लागते.

गटाच्या वहीत गाडीचं एक वेगळं पान करा. प्लग कधी बदलले, कोणती कॉइल बदलली, किती किलोमीटरला, किती रुपयांना, हे लिहा. पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात तेंदूपत्त्याची धावपळ असली तरी, एकदा रबरं तपासून घ्या. आणि गॅरेजमधून निघताना काढलेला जुना भाग मागून घ्या. तो आपला असतो.