दुधाळी आणि आपले सडे

(कारापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



'बांडगूळ' हा शब्द आपण बहुधा निंदेसाठीच वापरतो. परंतु ज्या चंदनाचे गंध आपण देवाला लावतो, त्याची मुळेही शेजारच्या झाडांच्या मुळांना बिलगून त्यांतून पाणी व क्षार घेतात. चंदनाला मात्र कोणी बोल लावीत नाही. मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे. तरी अशाच एका अर्धपरोपजीवी रानफुलाचा परिचय आज करून देणार आहे.

दुधाळी हे त्याचे नाव. शास्त्रीय नाव सोपूबिया डेल्फिनीफोलिया. पावसाचा जोर ओसरू लागला की सड्यावरच्या गवतात तिची गुलाबी फुले डोलू लागतात. पाने दोऱ्यासारखी बारीक चिरलेली, आणि सारे आयुष्य एका हंगामाचे. पाने हिरवी असल्याने ती आपले अन्न स्वतः तयार करते. परंतु तिची मुळे जमिनीखाली गवताच्या मुळांना शोषकांनी जोडली जातात आणि तेथून पाणी व क्षार मिळवितात. लिनियसने तिला जेरार्डिया या वंशात घातले होते. अमेरिकेतील गवताळ मैदानांवरची तिची आप्त फुलेही पूर्वी त्याच नावाने ओळखली जात.

या कुळात उपद्रवी मंडळीही आहेत. ज्वारीचा वैरी टारफुला हा दुधाळीचाच भाऊबंद. १९५६ मध्ये तो अमेरिकेत आढळला, तेव्हा त्याच्या निर्मूलनासाठी तेथील शासनाला दीर्घ मोहीम हाती घ्यावी लागली. उलट, इंग्लंडमध्ये याच कुळातील एका पिवळ्या फुलाचे बी कुरणांत मुद्दाम पेरतात. कारण ते माजलेल्या गवताला आवर घालते आणि इतर फुलांना जागा मिळते. तेव्हा परोपजीवी म्हणजे निरुपयोगी, हा समज खरा नव्हे. दुधाळीचा रस पाण्यात राहून पायांना झालेल्या जखमांवर लावीत, अशी नोंद डायमॉक प्रभृतींच्या एकोणिसाव्या शतकातील औषधिग्रंथात आहे. लावणीच्या दिवसांत चिखल्यांनी पाय कुजतात, ते दुःख आपल्या शेतकऱ्यांना सांगावयास नको.

आता मुख्य मुद्दा. गुलाबाचे कलम एका अंगणातून दुसऱ्या अंगणात नेता येते. दुधाळी तशी नेता येत नाही. तिला उपटली की गवताशी जडलेले तिचे नाते तुटते. तिला राखावयाचे तर तिचे गवत, जांभ्या कातळावरचा मातीचा तो पातळ थर, पावसाळ्यात तेथे साचणारे पाणी, हे सारेच राखावे लागते. डिचोलीने खाणींसाठी कित्येक डोंगर दिले. पेडण्यातील मोपाच्या पठारावर २०२२ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. विकासाला भूमी लागते, हे मान्यच आहे. परंतु उन्हाळ्यात करपलेला सडा पाहून त्यास 'पडीक' ठरविणे, हा त्या भूमीवर अन्याय आहे. चांगल्या हेतूने तेथे माती भरून झाडे लावली, तरी त्या सावलीत गवत हटते आणि त्यासवे दुधाळीही जाते.

म्हणून माझी विनंती एवढीच, की आपल्या गावच्या सड्याविषयी कोणताही निर्णय घेण्यापूर्वी तो भाद्रपदात एकदा पायी फिरून पाहावा. विद्यार्थ्यांनी तेथील फुलांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून वहीत टिपून ठेवावीत. फुले मात्र तोडू नयेत.

जय हिंद!