सेवण गवत आणि जमिनीचा हक्क



जैसलमेर-बिकानेरकडील विस्तीर्ण गवताळ जमीन महसुली दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदली गेली, तेव्हा तिच्यावरील सेवण गवताची दखल घ्यावी असे कोणास वाटले नाही. वस्तुतः जैसलमेरच्या बाजूस वर्षाकाठी जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस होतो. तेवढ्यावर तगणारे, एकदा रुजले की वर्षानुवर्षे त्याच ठोंबातून फुटणारे हे गवत म्हणजेच तेथील खात्रीचे पीक. थारपारकर गाय पोसली गेली ती त्यावर.

बाजरी निघाली की रान उघडे पडते. उन्हाळ्यातील नैर्ऋत्येचा वारा आधी बारीक माती उचलतो, आणि जमिनीचा कस तर त्या बारीक कणांतच असतो! मागे उरते ती जाड वाळू. वाऱ्याला आडवे असे सेवण वा धामण गवताचे पट्टे राखले, तर जमिनीलगतचा वारा मंदावतो, मुळांचे जाळे वाळू धरून ठेवते आणि जुनी मुळे कुजून सेंद्रिय अंश वाढतो. जोधपूरच्या ‘काजरी’ या संशोधनसंस्थेने हे दाखवून दिले आहे. हलके बी उडू नये म्हणून माती-शेणात कालवून त्याच्या गोळ्या पेरण्याची रीतही उपलब्ध आहे. तेव्हा उणीव ज्ञानाची नव्हे.

नवे गवत पहिले वर्ष चरू देता येत नाही. मोठा जमीनदार तेवढे थांबू शकतो. चार शेळ्यांवर जगणारा कसा थांबणार? पूर्वी अशा वेळी त्याला गोचर आणि ओरण यांचा आधार असे. परंतु न. स. जोधा यांनी सात राज्यांतील कोरडवाहू गावांची पाहणी केली, तेव्हा १९५० नंतरच्या तीन दशकांत सामाईक जमिनी ३१ ते ५५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या राजस्थान कालव्यामागोमाग नांगर सेवणच्या कुरणांत शिरला. लाकडी नांगर ठोंबांना फारसा धक्का लावत नसे; ट्रॅक्टरचा तवा ते मुळासकट उपटतो. आता त्याच ‘पडीक’ शिक्क्याच्या आधारे सौरप्रकल्पांना जमिनी दिल्या जात आहेत.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांची मोजणी करून त्यांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. ही मोजणी ग्रामसभेसमोर, गुराख्यांच्या साक्षीने व्हावी, आणि गवत लावणाऱ्या अल्पभूधारकास पहिल्या वर्षाचा चारा सरकारने पुरवावा. चारा डेपो दुष्काळ जाहीर झाल्यावरच उघडतात. तोवर जनावर विकले गेलेले असते.