सभासद कोठे आहे?

स्वागताध्यक्ष महाशय, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले क्रीडामंडळांचे प्रतिनिधी, आणि ज्यांच्यावाचून या मंडपाला काही अर्थच उरला नसता, पण ज्यांना आपण नेहमीप्रमाणे मागच्या रांगांत बसविले आहे, अशा खेळाडू मित्रमैत्रिणींनो,

ज्या मनुष्याने आपल्या उमेदीची वर्षे मैदानावर कमी आणि मैदानालगतच्या कचेरीत अधिक, म्हणजे इतिवृत्ते लिहिण्यात, वर्गणीच्या पावत्या फाडण्यात आणि धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज दाखल करण्यात घालविली, त्याला या अधिवेशनाचे अध्यक्षपद देण्यात आपण औचित्य दाखविले की विनोदबुद्धी, हा प्रश्न निमंत्रण हाती पडल्यापासून मी स्वतःला विचारीत आहे. खेळाडू म्हणून माझी कीर्ती तालुक्याची वेस ओलांडून कधी गेली नाही. तेव्हा खेळाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही; खेळ चालविणाऱ्या संस्थांविषयी, आणि त्यातही त्या संस्थांचा मालक म्हणून कागदावर ज्याचे नाव असते त्या सभासदाविषयी, दोन शब्द बोलण्याची मुभा घेतो.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले, तेव्हा आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून कसे बसावेत, खो कोणी व केव्हा द्यावा, याचा जो बारीक विचार त्या मंडळींनी केला तो आजही वाचणाऱ्याला थक्क करतो. खेळाच्या नियमांत इतकी सूक्ष्म दृष्टी दाखविणारे आपण, संस्थेची घटना लिहावयास बसलो म्हणजे मात्र शेजारच्या संस्थेची छापील नियमावली आणतो, नाव बदलतो, आणि नोंदणीच्या घाईत एक कलम हमखास जसेच्या तसे उतरवून घेतो: गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येईल व त्यानंतर त्याच जागी भरणाऱ्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. या एका वाक्याने महाराष्ट्रातील किती कार्यकारिण्या तरून गेल्या असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. मी स्वतः कार्यवाह असताना त्या अर्ध्या तासाचा चहा अनेकदा घेतला आहे, ही कबुली येथेच देऊन टाकतो.

तरुणपणी एका संस्थेच्या वार्षिक सभेत मी उभा राहून ताळेबंदाची प्रत मागितली होती. ‘दप्तर चिटणीसांच्या घरी आहे’ असे उत्तर मिळाले. चिटणीसांच्या घरी गेलो तर ‘चाव्या खजिनदारांकडे आहेत’ असे कळले. आणि खजिनदार, प्रकृतीच्या कारणाने, परगावी होते. पुढच्या वर्षी मला कार्यकारिणीत घेण्यात आले आणि माझा प्रश्न आपोआप संपुष्टात आला. विरोधकाला खुर्ची देऊन त्याचे तोंड बंद करण्याची ही युक्ती फार जुनी आहे, आणि त्या युक्तीला मी किती सहजपणे बळी पडलो याची लाज मला खुर्ची सुटल्यावर वाटू लागली.

सभासदांनी आपल्याच संस्थेला कसे हलवावे, याचा धडा घ्यावयाचा तर मला, काहीशा अनपेक्षित ठिकाणी, लंडनच्या लॉर्ड्स मैदानाकडे बोट दाखवावे लागते. मेरिलबोन क्रिकेट क्लब हा १७८७ साली स्थापन झालेला, क्रिकेटचे नियम आजही ज्याच्या ताब्यात आहेत असा, आणि एके काळी इंग्लंडचा संघ ज्याच्या नावाने परदेशी जात असे असा क्लब. त्याच्याइतकी सनातनी संस्था क्रीडाविश्वात शोधून सापडणार नाही. परंतु तिचा सभासद हा हाडामांसाचा मनुष्य आहे, त्याचे नाव पुस्तकात आहे, त्याला मत आहे, आणि पुरेशा सह्या गोळा केल्या तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावयास तो कारभाऱ्यांना भाग पाडू शकतो. १९६८ साली हेच घडले. केप टाऊनमध्ये जन्मलेला, तेथील वर्णविद्वेषी राजवटीत ‘गौरेतर’ ठरलेला, आणि म्हणून इंग्लंडला येऊन खेळणारा बेसिल डॉलिव्हेरा याने त्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा केल्या आणि तरीही दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी निवडलेल्या संघात त्याचे नाव नव्हते. पुढे टॉम कार्टराइट दुखापतीमुळे गळाला, डॉलिव्हेराची वर्णी लागली, तेथील पंतप्रधान फोर्स्टर यांनी असा संघ आम्हांस नको असे जाहीर केले, आणि दौरा रद्द झाला. एवढ्यावर मामला मिटला असता. पण इंग्लंडचे माजी कर्णधार आणि धर्मोपदेशक डेव्हिड शेपर्ड, व त्यांच्या बाजूला तेव्हा तरुण असलेले माइक ब्रेअर्ली, यांनी सह्या जमवून डिसेंबरात सभा मागितली आणि आपल्या समितीला जाब विचारला: निवडीचा कारभार असा का झाला, आणि दक्षिण आफ्रिकेत खेळातील वर्णभेद हटण्याची चिन्हे दिसेपर्यंत तेथे जाणे आपण थांबवणार की नाही?

ते हरले, आणि सडकून हरले. चार हजारांहून अधिक सभासद समितीच्या बाजूने, तर ठरावाच्या बाजूने सुमारे दीड हजार. त्यातही मौज अशी, की टपालाने आलेली मते सभेतील भाषणे होण्याआधीच लिफाफ्यांत बंद झाली होती; म्हणजे ज्या युक्तिवादावर निर्णय द्यावयाचा तो न ऐकताच बहुसंख्यांनी निकाल देऊन टाकला होता. टपाली मत व मुखत्यारपत्र यांचा उपयोग दूरच्या सभासदासाठी आहे हे मान्य. पण ती सोय कारभाऱ्याच्या हातात पडली म्हणजे सभेतील चर्चा शोभेपुरती उरते, हे ज्यांनी आपापल्या संस्थांत कोऱ्या मुखत्यारपत्रांचे गठ्ठे पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको. तरीही त्या पराभवाची नोंद इतिवृत्तात राहिली. दीड वर्षाच्या आतच, १९७० च्या मे महिन्यात, दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा इंग्लंड दौरा रद्द करण्याची पाळी आली. तो केवळ त्या सभेचा परिणाम होता असे मी म्हणणार नाही. रस्त्यांवरील निदर्शने आणि सरकारचा आग्रह यांचा वाटा त्यात मोठा होता. परंतु क्लबाच्या आतला आवाज आधी उठला नसता, तर बाहेरचा आवाज हा निव्वळ परक्यांचा गलबला म्हणून कारभाऱ्यांना सहज झटकता आला असता.

याच क्लबाच्या पॅव्हिलियनमध्ये स्त्रियांना, राणीचा अपवाद वगळता, सामन्याच्या दिवशी पाऊल टाकण्याची बंदी होती. १९७३ चा पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या कर्णधार रेचल हेहो फ्लिंट यांनी १९९१ च्या सुमारास केवळ आद्याक्षर लावून, ‘आर. फ्लिंट’ या नावाने, सभासदत्वाचा अर्ज केला, आणि त्या वेळच्या सभासदांनी स्त्रियांना दार उघडण्यास नकार दिला. या बंदीचा अनुभव आपल्याही एका खेळाडूला आला होता. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या मुंबईच्या डायना एडुलजी यांना त्या पॅव्हिलियनच्या दारातून परत फिरावे लागले, आणि त्यांनी क्लबाच्या इंग्रजी आद्याक्षरांतील शेवटचे अक्षर बदलून पुरुषी अहंकाराला शोभेल असे त्याचे नवे बारसे केले. ती कोटी अजूनही लोकांच्या तोंडी आहे.

१९९८ च्या फेब्रुवारीत प्रश्न पुन्हा मतास आला. बहुमत स्त्रियांच्या बाजूने पडले, पण घटनेला हवे होते दोन-तृतीयांश, म्हणून ठराव पडला. आपल्याकडे अशा वेळी काय होते ते आपण जाणतो: ठराव मांडणारा रुसून राजीनामा देतो, किंवा शेजारच्या गल्लीत त्याच खेळाची ‘समांतर’ संघटना काढतो आणि दोन्ही संघटना एकमेकींच्या अजिंक्यपद स्पर्धा बेकायदा ठरविण्यात पुढची दहा वर्षे घालवतात. तेथे सुधारणावादी मंडळी पुन्हा कामाला लागली. एकेका सभासदाचे मन वळविण्याचे, पत्रे लिहिण्याचे कंटाळवाणे काम सात महिने चालले. सार्वजनिक निधी मागताना हा नियम आडवा येऊ लागला होता, हेही अर्थात मदतीस आले, कारण तत्त्वाला पैशाची जोड मिळाली म्हणजे मतपरिवर्तन जलद होते. सप्टेंबरात पुन्हा मतदान झाले: ९,३९४ बाजूने, ४,०७२ विरुद्ध. दोनशे अकरा वर्षांचा नियम कोणा न्यायाधीशाच्या हुकुमाने किंवा कायदेमंडळाच्या अधिनियमाने नव्हे, तर ज्यांच्या सोयीसाठी तो होता त्यांच्याच हातांनी गेला. पुढे २०२१ साली क्लेअर कॉनर या त्या क्लबाच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या.

आता आपल्या घराकडे वळू. १९२८ साली स्थापन झालेल्या भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा सभासद कोण, असा प्रश्न एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याने विचारला, तर उत्तर काय द्यावे? त्याचे सभासद म्हणजे राज्य संघटना. राज्य संघटनेचे सभासद कोठे जिल्हा संघटना, तर कोठे क्लब. क्लबाचे सभासद कोण, हे क्लबाच्या कपाटाला आणि त्या कपाटाच्या किल्लीला ठाऊक. या जिन्याच्या एकेका पायरीवर सभासद नावाची वस्तू आहे, पण खेळणारा मनुष्य एकाही पायरीवर मतदार म्हणून उभा नाही. म्हणूनच २०१३ च्या आयपीएल स्पर्धेतील गैरव्यवहार उघडकीस आले तेव्हा मंडळाच्या आतून विशेष सभा मागणारा शेपर्ड निघाला नाही. निघाली ती बिहारची, मंडळाने मान्यता न दिलेली एक संघटना, आणि तिला मुंबई उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. तेथून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, मुद्गल समिती झाली, लोढा समिती झाली, जानेवारी २०१६ मध्ये तिचा अहवाल आला: एका राज्याला एक मत, सत्तर वर्षांवरील व्यक्तीस पद नाही, मंत्री व सरकारी अधिकारी यांस मज्जाव, पदाच्या दोन कारकिर्दींमध्ये विश्रांतीचा काळ, खेळाडूंची स्वतंत्र संघटना. जुलैत न्यायालयाने त्यातील बहुतेक शिफारशी मान्य केल्या. मंडळाने टाळाटाळ केली. तेव्हा ३० जानेवारी २०१७ रोजी कारभार प्रशासक समितीकडे सोपविण्यात आला, आणि त्या चौघांत एक होत्या डायना एडुलजी. लॉर्ड्सच्या दारातून परतलेली स्त्री देशाच्या क्रिकेटचा शिक्का हातात घेऊन दोन वर्षे नऊ महिने बसली, हा काव्यगत न्याय खरा. पण त्यांना तेथे बसविले ते न्यायालयाने. मंडळाच्या एकाही सभासदाचे त्यात मत नव्हते.

आणि न्यायालयाने दिलेले न्यायालय परतही घेते. ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालाने ‘एक राज्य, एक मत’ हे सूत्र सैल झाले. मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ यांस आपापली मते परत मिळाली, तशीच गुजरातेतील तिघांनाही. येथे मला आपल्या सर्वांना न रुचणारे बोलावयाचे आहे. त्या दिवशी आपल्यापैकी अनेकांनी पेढे वाटले. रणजी करंडकाच्या इतिहासात मुंबईचा वाटा केवढा हे मला कोणी सांगावयास नको, आणि विदर्भाने त्याच वर्षाच्या आरंभी तो करंडक प्रथमच जिंकला तेव्हा माझेही डोळे भरून आले होते. पण पराक्रम हा मताचा आधार होऊ लागला, तर ईशान्येच्या ज्या राज्यांना आजवर मैदानच मिळाले नाही त्यांना पराक्रम कोणत्या जागी करावयास सांगावे? आपली तीन मते बहाल झाली. मात्र ती मुंबईच्या क्लबांची, पुण्याच्या संघटनेची आणि नागपूरच्या संघटनेची. अकोल्याच्या किंवा रत्नागिरीच्या गोलंदाजाचे मत त्यांत कोठेच नाही. पुढे २०२२ च्या सप्टेंबरात विश्रांतीच्या काळाचा नियमही आणखी शिथिल झाला. मी न्यायालयाला दोष देत नाही. ज्याचे कुळ जमीन कसत नाही त्याची जमीन कोणी तरी कसणारच.

या साऱ्या खटाटोपातून एक लहानसे रोप मात्र उगवले, ज्याकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. २०१९ साली माजी खेळाडूंची संघटना रीतसर नोंदली गेली, तिच्या सभासदांनी प्रत्यक्ष मतदान केले, आणि अंशुमन गायकवाड व शांता रंगास्वामी हे त्यांचे प्रतिनिधी मंडळाच्या सर्वोच्च परिषदेत जाऊन बसले. माजी खेळाडूचे का होईना, खेळाडू म्हणून दिलेले मत मंडळाच्या दाराच्या आत पोचले. आणि शांता रंगास्वामी ज्या परंपरेतून आल्या ती महिला क्रिकेटची संघटना १९७३ साली अक्षरशः पदरमोड करून उभी राहिली, तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा या आपल्या पुण्यात केवळ तीन संघांची झाली, खेळाडू रेल्वेच्या बिनआरक्षित डब्यांतून प्रवास करीत आणि शाळा-धर्मशाळांत सतरंज्यांवर झोपत. २००६ मध्ये ती संघटना मोठ्या मंडळात विलीन झाली, तेव्हा तिच्या चिटणीस पुण्याच्याच शुभांगी कुलकर्णी होत्या. पैसा आला, विमान आले. पण खेळणाऱ्या बायकांनी स्वतः चालविलेली संस्था गेली, याचे दुःख मी कोणाच्या तोंडून ऐकले नाही. कदाचित सतरंजीवर न झोपलेल्या माणसाने ते करू नये, हेच खरे.

आता २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम आला आहे. राष्ट्रीय क्रीडा मंडळ येईल, लवाद येईल, खेळाडूंच्या समित्या येतील. कायदा दार उघडून देईल. पण आत जावयास सभासद हवा, आणि तो आपल्या पटावर नाही. या अधिवेशनापुढे जो घटनादुरुस्तीचा मसुदा आहे, त्यात माझ्या आग्रहाने दोन कलमे घातली आहेत. पहिले असे, की ज्याने सलग तीन वर्षे जिल्हा पातळीवर खेळाची नोंद केली आहे असा प्रत्येक खेळाडू नाममात्र वर्गणीवर मतदार सभासद होईल. दुसरे, तहकूब सभेची ती अर्ध्या तासाची सवलत घटनादुरुस्ती व हिशेबमंजुरी या दोन विषयांना लागू राहणार नाही. मसुद्यावर हरकती आल्या आहेत. दोन जिल्ह्यांचे म्हणणे असे, की इतके मतदार झाल्यावर निवडणुकीचा खर्च वाढेल. तो वाढेल खरा.

मतदान दुपारी अडीच वाजता आहे. गणपूर्तीसाठी एक-तृतीयांश प्रतिनिधी सभागृहात हजर असणे जुन्या घटनेप्रमाणे आवश्यक आहे, आणि कमी पडल्यास अर्ध्या तासाने कोणीही चालेल, हेही जुन्या घटनेप्रमाणेच. भोजनसमितीला माझी विनंती आहे की पंगत दोनच्या आत उठवावी आणि श्रीखंड वाढताना आग्रह करू नये.