ओळीखालचं नाव

दुपारपासून तोंडाला रंग लावून बसलेल्या मुलांनो,

निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘हस्तलिखितांचा अभ्यास आणि त्यातील संधी’ असा विषय छापला आहे. त्यावर मी बोलणार आहेच. पण मघाशी माझ्या या जुन्या शाळेच्या फाटकातून आत आले, पांझरा नदीवरून येणारा वारा अंगाला लागला आणि आठवी ‘ब’ची खिडकी दिसली. त्या खिडकीपाशी आमच्या मराठीच्या सरांचं टेबल असायचं. आधी त्या टेबलाविषयी सांगते.

बुधवारी शेवटचा तास वाचनाचा. सर कमरेची किल्ली काढून कपाट उघडायचे आणि प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचे. पुढच्या बुधवारी ते परत करताना गोष्ट काय होती, तात्पर्य काय, असलं काही विचारायचे नाहीत. पुस्तकातली आवडलेली एक ओळ वहीत उतरवून आणायची, एवढाच नियम. आपण वही पुढे केली की सर ओळ वाचायचे आणि एकच शब्द उच्चारायचे, “पान?” आपण पान सांगायचं. मग ते पुस्तक उघडून, बोट ठेवून, आपली ओळ आणि छापील ओळ अक्षर अक्षर ताडून बघायचे. वेलांटी चुकली असेल तर पुस्तक जमा व्हायचं नाही आणि नवंही मिळायचं नाही.

आठवीच्याच वर्षी सरांनी आम्हाला रांगेनं चालवत इथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात नेलं. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव फिरून, मठामठांतून मिळवलेली रामदासी हस्तलिखितं तिथं आहेत. तिथं मी पहिल्यांदा बाड पाहिलं. अरुंद, लांबट, आखूड बाजूनं शिवलेलं, वरच्या बाजूला उलटणारं. कीर्तनकाराला एका हातात धरता यावं म्हणून तशी बांधणी. आत अभंग, पदं, श्लोक, मध्येच एखाद्या औषधाची कृती, कुठं उसनवारीची नोंद. ज्याला जे लागेल, जे आवडेल, ते त्यानं उतरवून घेतलेलं. सर म्हणाले, ही बघा तुमच्यासारखीच वही. माझी आजची नोकरी खरं तर त्या दुपारी ठरली.

आता ते काम थोडक्यात सांगते. जुन्या घरांच्या माळ्यांवरून, देवळांतून, मठांतून पोथ्या मिळवायच्या. धूळ झाडायची, पानं लावायची. ग्रंथ कोणता, पानं किती, एका पानावर ओळी किती, लिहिणारा कोण, शक कोणता, याची नोंद करायची. त्या नोंदींची सूची होते आणि तिच्या आधारानं पुढचे अभ्यासक काम करतात. पोथीच्या शेवटी लेखनिक स्वतःविषयी जे लिहितो त्याला पुष्पिका म्हणतात. त्यात त्याचं नाव असतं, गाव असतं, तिथी असते. पुष्कळदा तो विनवतो की समोर जसं दिसलं तसं लिहिलं आहे, दोष मला देऊ नका. पोथी तेलापासून, पाण्यापासून जपा. पोथी हातात आली की मी आधी शेवटचं पान उघडते. ते फाटलेलं असलं तर दिवसभर चैन पडत नाही. संधींची माहिती मी मुख्याध्यापिका बाईंकडे लिहून दिली आहे, ज्यांना हवी त्यांनी घ्यावी.

मला आज तुमच्याकडे एकच मागायचं आहे. वाचताना जी ओळ थांबवेल ती वहीत हातानं लिहा, आणि तिच्याखाली ती कोणाची, कुठल्या पुस्तकातली, कुठल्या पानावरची, हे लिहा. त्याखाली तारीख घाला. नाव घातल्याशिवाय वही मिटू नका.

हातानं लिहा असं म्हणते त्यामागं माझा अनुभव आहे. लेखनिकांच्या चुका मी आयुष्यभर पाहत आले. त्या अवघड शब्दांवर फारशा होत नाहीत, तिथं माणूस सावध असतो. मन पुढं पळतं आणि हाताला वाटतं की हे तर आपल्याला ठाऊकच आहे, तिथं चूक होते. हळू लिहिलं की लेखकानं इथं ‘पण’ का घातलं, ‘आणि’ का नाही, हे दिसायला लागतं. फोनवर काढलेल्या फोटोत ओळ जशीच्या तशी राहते, पण ती तुमच्यातून गेलेली नसते.

आणि नाव का, ते सांगते. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी बंगालमधल्या एका बौद्ध विहारात विद्याकर नावाचा विद्वान होता. त्याला आवडलेले सतराशेहून अधिक संस्कृत श्लोक त्यानं एकत्र केले आणि पुष्कळ श्लोकांशी कवीचं नाव लिहिलं. त्यातल्या कितीतरी कवींचं दुसरं काहीही आज उरलेलं नाही. त्या संग्रहाची ताडपत्री पोथी तिबेटातल्या मठात राहुल सांकृत्यायनांना मिळाली. त्यांनी आणलेल्या छायाचित्रांच्या आधारे दामोदर कोसंबी आणि वा. वि. गोखले यांनी १९५७ साली ‘सुभाषितरत्नकोश’ छापला. कोसंबी मूळचे गोव्याचे, पेशानं गणिती, फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलेले. अशा माणसानं एका जुन्या वाचकाच्या वेच्यांसाठी डोळे झिजवले. मी तो ग्रंथ हातात घेते तेव्हा विद्याकराचा हात मला दिसतो. श्लोक लिहून झाला, लेखणी उचलायची वेळ आली, पण त्यानं ती उचलली नाही, पुढं नाव लिहिलं. तेवढ्या दोन-चार अक्षरांनी एक कवी वाचला.

आपल्या खानदेशातही कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून शब्द वाचले आहेत. कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात, जात्यावर म्हणत ते त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावानं जमेल तेवढं उतरवून ठेवलं. त्या गेल्यावर आचार्य अत्र्यांनी ते पाहिलं आणि १९५२ साली पुस्तक आलं. उतरवलं नसतं तर? आणि तुमच्या या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचनं केली. समोर बसून साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ‘गीता प्रवचने’ या पुस्तकामागं गुरुजींची ती झरझर चालणारी लेखणी आहे. याच गावात! इथल्या प्रत्येक मुलाला हे ठाऊक असायला हवं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ती याच शाळेतली आहे.

नोकरीला लागल्यावर एका मासिकात माझा पहिला लेख छापून आला. त्याच्या शेवटी मी शाळेतल्या वहीतली एक ओळ घातली होती: पुरात नदी मोठी दिसते, पण तिचं पाणी किती ते वैशाखात कळतं. वहीत ओळीखाली काही लिहिलेलं नव्हतं. आजूबाजूला एका नामवंत लेखकाचे उतारे होते, म्हणून ती त्यांचीच असणार असं मी धरलं आणि त्यांचं नाव छापलं. महिनाभरानं एका वृद्ध अभ्यासकांचं पोस्टकार्ड आलं. त्यात एकच प्रश्न होता, ही ओळ कुठल्या पुस्तकात आहे? त्या लेखकाची मिळतील ती सगळी पुस्तकं मी चाळली. चार महिने. ओळ नव्हती.

पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या वर्गमैत्रिणीच्या घरी तिची जुनी वही हाताला लागली. त्यात ती ओळ होती. खाली तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: सर, मराठीचा तास, खिडकीतून पांझरेकडे बघत म्हणाले. आणि तारीख. ती ओळ आमच्या सरांची होती. सरांनी आयुष्यात काही छापलं नाही. पुस्तकातल्या ओळीला ते पान विचारायचे, पण स्वतः बोललेलं कुणी लिहून घेतलं का, हे त्यांनी कधी तपासलं नाही. मी ती लिहून घेतली आणि जगाला देताना दुसऱ्याच्या नावानं दिली. तोवर सर गेले होते. त्यांची माफी मागायची राहिली.

ती मैत्रीण पहिल्या रांगेत बसली आहे. ऊठ गं, मुलांना दिसू दे. हिनं पदवी घेतली नाही, लवकर लग्न झालं, गल्लीतलं दुकान सांभाळलं. पण हिच्या वहीत नाव होतं आणि माझ्या वहीत नव्हतं. आमच्या सरांचं एक वाक्य आज त्यांच्या नावानं उभं आहे ते हिच्यामुळं.

म्हणून मुलांनो, पुन्हा सांगते, नाव लिहा. आजी काही म्हणाली, ते अहिराणीत असेल तर अहिराणीतच लिहा, आणि खाली आजीचं नाव, तिचं गाव. सकाळी फोनवर सुविचार येतो आणि खाली पु. ल. देशपांडे असं नाव असतं. पुस्तकाचं नाव नसतं. पुढं पाठवण्याआधी विचारा, पान? उत्तर मिळालं नाही तर तिथंच थांबवा. पालकांनाही माझी हीच विनंती आहे. दोनशे पानी वही घ्या, पहिली चार पानं अनुक्रमासाठी कोरी सोडा, आणि आज रात्री इथून घरी गेल्यावर एक ओळ लिहा. कुठलीही चालेल. इथं बसलेल्या तुमच्या बाई, तुमचे सर वर्गात जे बोलतात, त्यातलं एखादं वाक्य लिहा. ते छापून येत नसतं.

कार्यक्रम संपल्यावर माझी मैत्रीण तिची ती वही घेऊन आठवी ‘ब’मध्ये बसणार आहे. बघायला या. हात धुऊन या, पानं सुटी झाली आहेत.

आता पारितोषिकांची यादी माझ्या हातात दिली आहे. मी नावं सावकाश वाचते. कुणाचं नाव चुकीचं वाचलं तर तिथूनच हात वर करा. मी थांबेन आणि पुन्हा वाचेन.