मेकॅनिकल डिप्लोमात नक्की काय शिकवतात?



दहावीचा निकाल लागला की मला दरवर्षी एकच मेसेज येतो. "ताई, घरचे मेकॅनिकल डिप्लोमाला घाल म्हणतायत. काय असतं त्यात?" आणि खाली लगेच दुसरी ओळ: "बारावीचं टेन्शन जातं ना? आणि थेट सेकंड इयर इंजिनिअरिंग मिळतं ना?"

मिळतं. डिप्लोमानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. मी तसाच घेतला, बी.टेक. केलं आणि आज सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. पण नुसत्या त्या प्रवेशासाठी डिप्लोमाला आलेली मुलं मी वर्गात बघितलीत. तीन वर्षं ती एसटी स्टँडवर बसल्यासारखी बसतात, पुढची गाडी कधी येते याची वाट बघत. म्हणून आज प्रवेशाचं सोडून द्या. त्या तीन वर्षांत शिकायचं काय असतं, ते सांगते.

आधी थोडक्यात रचना. दहावीनंतर तीन वर्षं, सहा सेमिस्टर. प्रवेश दहावीच्या मार्कांवर. महाराष्ट्रात बहुतेक पॉलिटेक्निकचा अभ्यासक्रम आणि परीक्षा तंत्रशिक्षण मंडळाची, म्हणजे आपण ज्याला एमएसबीटीई म्हणतो त्याची. काही वर्षांनी मंडळाची स्कीम बदलते, विषय इकडचे तिकडे होतात. गाभा मात्र तोच राहतो.

पहिल्या वर्षी गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, इंग्रजी कम्युनिकेशन असतंच. त्यात नवीन गोष्टी दोन: ड्रॉइंग आणि वर्कशॉप.

ड्रॉइंग म्हणजे चित्रकला नाही, घाबरू नका. समोर एक लोखंडी ठोकळा आहे असं समजा. तो समोरून कसा दिसतो, वरून कसा, बाजूने कसा, हे मापासकट कागदावर काढायचं. आपल्याकडच्या पद्धतीत वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात. पहिला महिना डोकं चक्रावतं. एकदा जमलं की कागद बघून वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते. कारखान्यात सगळं बोलणं याच भाषेत चालतं.

वर्कशॉपमध्ये वेल्डिंग, सुतारकाम, पत्र्याचं काम असे विभाग असतात. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो फिटिंगचा. लोखंडाची एक पट्टी हातात देतात. ती हॅक्सॉने कापायची, व्हाइसमध्ये धरायची आणि कानशीने घासत बसायचं. गुण्या लावून उजेडाकडे धरायची. फटीतून प्रकाश दिसला की परत घासा. तळहाताला फोड येतात. पण काटकोन वहीत काढणं आणि लोखंडात काढणं यातला फरक त्या आठवड्यात कळतो.

दुसरं वर्ष म्हणजे खरं मेकॅनिकल. इथे विषयांची यादी वाचून दाखवत नाही, दोन उदाहरणं देते.

एक, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, मुलांच्या भाषेत एसओएम. समजा बोटाएवढा जाड, १६ मिलिमीटर व्यासाचा साध्या पोलादाचा रॉड आहे. त्याला किती ओढलं तर तो कायमचा लांबेल? रॉडच्या कापाचं क्षेत्रफळ साधारण २०१ चौरस मिलिमीटर. साधं पोलाद दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन ताण सोसतं. गुणाकार करा, ५० हजार न्यूटन. म्हणजे जवळजवळ पाच टन वजन! आता मजा अशी की हे गणित फळ्यावर करून थांबत नाहीत. लॅबमध्ये तसा रॉड मशीनमध्ये लावून खरंच ओढतात. आधी लांबतो, मग मध्ये बारीक होतो आणि शेवटी आवाज करून तुटतो. तो आवाज ऐकल्यावर फॉर्म्युला पाठ करावा लागत नाही.

दुसरा विषय मेट्रोलॉजी, म्हणजे मोजमाप. माझा सगळ्यात आवडता. ड्रॉइंगवर २० मिलिमीटरचं भोक आणि त्यात फिरणारा २० मिलिमीटरचा शाफ्ट असं लिहिलं, तर ते बनवता येत नाही. बरोब्बर २० कोणतंच मशीन देत नाही. म्हणून ड्रॉइंगवर एच-सेव्हन, जी-सिक्स असं लिहितात. त्याचा अर्थ, भोक २०.००० ते २०.०२१ मध्ये कुठेही चालेल आणि शाफ्ट १९.९८० ते १९.९९३ मध्ये. म्हणजे दोघांमध्ये कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची मोकळीक राहते. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. भोक एका कारखान्यात पडलं आणि शाफ्ट दुसऱ्या कारखान्यात बनला, तरी दोन्ही एकमेकांत बसतात ते या आकड्यांमुळे. "किती चूक चालेल" हे काम सुरू करण्याआधी ठरवायचं. कोड लिहिताना ही सवय मला आजही उपयोगी पडते.

याच वर्षात लेथ, कास्टिंग, इंजिनं, पंप, यंत्रांच्या हालचाली, कॅड हे सगळं येतं. तिसऱ्या वर्षी मशीन डिझाइन, हायड्रॉलिक्स, सीएनसी, क्वालिटी कंट्रोल, प्रोजेक्ट. रेफ्रिजरेशनही असतं. तिथे कळतं की दीड टनाच्या एसीचं वजन दीड टन नसतं. शून्य अंशाच्या एक टन पाण्याचा २४ तासांत बर्फ करायला जेवढ्या वेगाने उष्णता काढावी लागते, तो 'एक टन', म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. शिवाय कारखान्यात काही आठवड्यांचं ट्रेनिंग असतं. ते नुसतं सर्टिफिकेट मिळवून उरकू नका. शॉप फ्लोअरवरच्या जुन्या ऑपरेटरशेजारी उभे राहा आणि विचारत राहा.

मुली विचारतात, "आम्हाला जमेल का?" आमच्या वर्गात आम्ही तिघी होतो. लेथवर नियम सगळ्यांना सारखेच: केस बांधा, ओढणी किंवा सैल बाही नको, चकची किल्ली चकमध्ये ठेवून मशीन चालू करायचं नाही. हे पाळलं की मशीन कोण चालवतंय याने काही फरक पडत नाही. घरच्यांना समजवायला मशीनपेक्षा जास्त वेळ लागतो, हे मात्र खरं.

आता या रस्त्याची किंमत. डिप्लोमात गणित मुख्यतः पहिल्या वर्षात संपतं. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात जाता, तेव्हा तिथली मुलं अकरावी-बारावी आणि फर्स्ट इयर असं तीन वर्षांचं गणित करून आलेली असतात. आणि पहिल्याच सेमिस्टरला समोर लाप्लास ट्रान्सफॉर्म! तुमच्यासाठी कोणी थांबत नाही. डिग्री करायची असेल तर डिप्लोमा चालू असतानाच अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं घ्या. इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स, कॉम्प्लेक्स नंबर्स, व्हेक्टर्स. रोज अर्धा तास पुरे. बारावी टळते, पण तिचं गणित टळत नाही.

मग कोणी यावं? आयटीआयमध्ये एक ट्रेड हातात पक्का बसतो. डिग्रीत गणित आणि थिअरी खोल जाते. डिप्लोमा दोघांच्या मधला आहे. ड्रॉइंग वाचायचं, काम करून घ्यायचं, मोजायचं आणि बिघडलं तर का बिघडलं ते सांगायचं. घरातला पंखा, सायकल, मिक्सर उघडून बघायची खाज असेल तर हे शिक्षण तुम्हाला आवडेल. त्यानंतर नोकरी करा, अप्रेंटिसशिप करा किंवा डिग्रीला जा, हाताशी काहीतरी असेल. ती खाज अजिबातच नसेल, तर नुसती बारावी चुकवायला येऊ नका.

फॉर्म भरण्याआधी एक करा. जवळच्या पॉलिटेक्निकमध्ये जा आणि वर्कशॉप बघायला मागा. तीन प्रश्न विचारा: यातले किती लेथ चालू आहेत? एका मशीनवर किती मुलं असतात? तो रॉड ओढायचं मशीन शेवटचं कधी चालवलं? इमारत कितीही चकचकीत असू दे, खरं कॉलेज या उत्तरांत कळतं. जमलं तर शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला गाठून हेच परत विचारा.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ओळखीत कुणी यंदा दहावी झालं असेल, तर हा भाग त्याला आणि त्याच्या आईबाबांना एकत्र बसवून ऐकवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!