आधी माणूस, मग पदक
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



इंग्लंडमधील आपल्या मुलांना दर रविवारी धावण्याचे शिक्षण देण्याचे काम आम्ही काही कार्यकर्ते करीत असतो. गेल्या वर्षी त्यांतील एका गुणी मुलाची शर्यत जवळ आली की झोप उडे, अन्न जात नसे. "मन घट्ट कर," एवढेच आम्ही त्याला सांगत राहिलो. एके दिवशी तो मैदानावर येईनासा झाला. त्याच्या पायांचा वेग आम्ही घड्याळावर मोजला. त्याच्या मनावरचा भार आम्हांस दिसला नाही. ही चूक आपणांसमोर कबूल करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

अशा चुका मोठमोठ्या संस्थांतही होतात. ब्रिटनमधील जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षणासंबंधी ॲन व्हाइट यांचा अहवाल जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढे ४०० हून अधिक निवेदने आली होती. दुखापत अंगावर असताना सराव करावयास लावणे, वारंवार वजन करून मुलींना लज्जित करणे, पाणी पिण्यास वा स्वच्छतागृहात जाण्यास मज्जाव करणे, अशा कहाण्या त्यांत होत्या. खेळाडूंचे कल्याण त्या क्षेत्राच्या केंद्रस्थानी नव्हते, हेच त्या अहवालाने दाखवून दिले.

कौशल्य हवे, पण ते बाळगणारा माणूस नको, ही वृत्ती आपल्या समाजास नवी नाही. पुण्यात पळवणकर बाळू यांची गोलंदाजी संघाला हवी होती. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ साली याच इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले. ज्यांच्या पूर्वजांनी हा अपमान सोसला, त्यांनी तरी आपल्या लेकरांकडे केवळ पदक आणणारे हातपाय म्हणून पाहू नये.

तथागतांचा सोण नावाचा एक भिक्षू होता. साधनेच्या अतिरेकाने त्याचे पाय रक्तबंबाळ झाले आणि तो निराश झाला. तथागतांनी त्याला दोष दिला नाही. तो पूर्वी वीणा वाजवीत असे, हे जाणून त्यांनी त्याला तारेविषयीच विचारले. फार ताणलेली वा फार सैल तार सुरात वाजत नाही, हे सोण स्वतःच उत्तरला. शिष्याचे पूर्वायुष्य जाणून, त्याच्याच अनुभवातून त्याला वाट दाखविणे, हेच खरे प्रशिक्षण होय.

पालकांनो, "आम्ही एवढ्या हालअपेष्टा काढल्या, आता तू नाव काढ," हे ओझे मुलांच्या पाठीवर देऊ नका. मूल मैदानावरून परतले की "कितवा आलास?" यापूर्वी "बरा आहेस ना?" असे विचारा. मन आजारी झाले तर मोडलेल्या हाडाइतक्याच निःसंकोचपणे डॉक्टरांकडे जा.

त्या मुलाच्या घरी जाऊन आम्ही त्याची क्षमा मागितली. आता तो पुन्हा येऊ लागला आहे. त्या दिवशी धावायचे की नाही, हे तो स्वतः ठरवितो.

जय भीम!