प्रत्यारोपणानंतर घरी परतलेले बालक



२० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्ण होती रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेली नऊ वर्षांची बालिका. मज्जा दिली ती तिच्या भावाने. आज थॅलेसेमियाच्या बालकांनाही या उपचाराने नवे आयुष्य लाभते आणि कोल्हापूरची कुटुंबे त्यासाठी पुणे-मुंबई गाठतात.

बालक बरे होऊन घरी येते, पेढे वाटले जातात. काही महिन्यांनी मात्र ते अचानक फिकट दिसू लागते. लघवी गडद होते, डोळे पिवळसर दिसतात, किंवा अंगावर जांभळे ठिपके उमटतात. दात्याच्या पेशी रुजल्याच नाहीत, अशा समजुतीने आई-वडील खचतात. पुष्कळदा कारण निराळेच असते.

दात्याच्या पेशींतून घडणारी प्रतिकारशक्ती नवखी असते. आपपर भाव ओळखणाऱ्या पेशींचा तोल साधण्यापूर्वीच प्रतिपिंडे तयार होतात आणि तांबड्या पेशींवर, प्लेटलेट्सवर किंवा पांढऱ्या पेशींवर चालून जातात. कर्करोगेतर आजारासाठी प्रत्यारोपण झालेल्या बालकांत हा धोका अधिक. तांबड्या पेशींवरील असा हल्ला कूम्ब्ज चाचणीने ओळखता येतो. दात्याच्या पेशी टिकून आहेत ना, हे वेगळे तपासले जाते.

प्रथम स्टेरॉइड आणि शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन देतात. (हे इम्युनोग्लोब्युलिन हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून बनते; रक्तदानाचे महत्त्व याहून वेगळे काय सांगावे?) परंतु हा विकार हट्टी आहे, केवळ स्टेरॉइडने अनेकदा नमत नाही. मग रिटुक्सिमॅब देऊन बी-पेशी नष्ट केल्या जातात. प्रतिपिंडे स्रवणाऱ्या परिपक्व पेशी त्यातूनही निसटतात; त्यांच्यासाठी बोर्टेझोमिब किंवा डॅराट्युमुमॅब योजतात. सिरोलिमसचाही उपयोग होतो. ही औषधे प्रतिकारशक्ती दुबळी करतात, म्हणून अशा बालकाचा साधा तापही रात्री उशाशी घेऊन बसण्याचा नव्हे. तत्काळ रुग्णालय गाठावे.

पुणे सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. पहिली तपासणी कोल्हापुरातच होणार, आणि तेथील डॉक्टरांना बालकाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. दात्याचा रक्तगट वेगळा असल्यास बालकाचा गटही हळूहळू दात्याचा होतो. जुन्या कार्डावरील गट पाहून रक्त मागविणे घातक ठरू शकते. शिवाय प्रतिपिंडांमुळे जुळणारे रक्त मिळणे अवघड जाते, आणि जे द्यायचे तेही किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेले असावे लागते. दोघांचे मूळ रक्तगट, प्रत्यारोपणाची तारीख, चालू औषधे आणि प्रत्यारोपण केंद्राचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद घराबाहेर पडताना बालकासोबत असावा. एक प्रत शाळेतही ठेवावी.